पायांवर पाणी

१

संध्याकाळी नळाला पाणी आलं की कौशल्या आधी पिण्याचं भरून घ्यायची, मग देवापाशी दिवा लावायची आणि मग पितळेचा तांब्या भरून दाराबाहेरच्या पायरीवर ठेवायची. तांब्यावर झाकणी, झाकणीवर भाकरीचा तुकडा. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचं हे चाललं होतं. तिच्या आधी सासू मथुराबाई ठेवायची, आणि मथुराबाईच्या आधी तिची सासू रखमाबाई. बाबाजीपुऱ्यातल्या त्या गल्लीत कुणी विचारलंच तर "आमच्यात असतं" एवढं सांगून कौशल्या मोकळी व्हायची. मराठी घरांत काय काय असतं याची शेजारच्या गुजराती बायकांना सवय होती. त्या पुढे खोदून विचारत नसत.

तांब्या होता नारायणरावांसाठी. नारायणराव म्हणजे कौशल्याच्या सासऱ्यांचे वडील. पहिल्या महायुद्धात बडोद्याच्या शिपाई घरांमधल्या ज्या पोरांनी आपणहून नावं दिली, त्यांची एक पायदळ पलटण उभी राहिली होती. सक्ती कुणाची नव्हती, म्हणून घरात तिला ‘खुशीची पलटण’ म्हणत. बायको पोटुशी असताना नारायणराव खुशीच्या पलटणीत गेले. इराकात बसऱ्याकडे कुठंतरी बोटीतून उतरले एवढं कळलं, आणि मग काही कळलंच नाही. मेल्याचं नाही की जगल्याचं नाही.

या घराची रीत अशी की लढाईवरून आलेला माणूस तसाच्या तसा आत घ्यायचा नाही. त्यानं उंबऱ्याबाहेर थांबायचं. घरच्या बाईनं त्याच्या पायांवर पाणी घालायचं, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि ‘या’ म्हणायचं, मग त्यानं आत पाऊल टाकायचं. त्याच्या मागं लागून रणातून जे काही आलं असेल, ते पायरीवरच राहावं म्हणून ही व्यवस्था. रखमाबाईनं तांब्या ठेवायला सुरुवात केली ती त्यासाठी. नवऱ्याचे दिवस घातले नाहीत, कुंकू पुसलं नाही, आणि डोळे मिटेपर्यंत तांब्या चुकवला नाही.

मथुराबाईनं सुनेला हे शिकवताना एक गोष्ट बजावली होती. "भरायचा, ठेवायचा, बोलायचं काही नाही. आणि दिवेलागणीला उंबऱ्यातून कुणाला ‘या’ म्हणायचं नाही. तो शब्द त्यांच्यासाठी राखून ठेवलाय. ही बायकांची गोष्ट, पुरुषांना सांगत बसू नकोस."

"आणि कुणी पाव्हणं आलं तर?" नव्या नवरीनं विचारलं होतं.

"‘आवो’ म्हण. गुजरातीत चालतं."

कौशल्याला हसू फुटलं होतं. मथुराबाई मात्र हसली नव्हती.

२

साल दोन हजार चार. केबलवाल्यांनी गल्लीचं तोंड खणून ठेवलं होतं, दूधवाल्याच्याही कानाला मोबाइल लागला होता, आणि गल्लीतली बैठी घरं एकेक करून बिल्डरच्या घशात जात होती. कौशल्याचा नवरा विश्राम कोयलीला रिफायनरीत ठेकेदाराकडे सुपरवायझर होता. त्यानं गोरव्याला चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. लिफ्ट होती, चोवीस तास पाणी होतं, आणि विश्रामचं निम्मं जाणं-येणं वाचणार होतं. सगळं ठरलं होतं, अडून बसले होते ते फक्त सुभानराव.

सुभानराव म्हणजे कौशल्याचे सासरे, वय अठ्ठ्याऐंशी. बाप लढाईवर गेला तेव्हा आईच्या पोटात होते. त्यांनी बाप पाहिला नाही आणि बापाचा नाद सोडलाही नाही.

"मला उचलून न्या हवं तर," ते म्हणायचे. "पण माझा बाप इथं येईल. त्याला गोरव्याचा पत्ता कोण सांगणार?"

"बाबा, ते आता एकशेदहा वर्षांचे असतील," विश्राम म्हणायचा.

"असेल. शिपाईगडी आहे. चालत येईल."

विश्राम चडफडत कामाला जायचा, आणि मागं उरायची कौशल्या. म्हाताऱ्याला उठवायचं, बसवायचं, भांडं द्यायचं, भांडं धुवायचं, दुपारी खोबरेल कोमट करून पाय चोळायचे. ते पाय तिला स्वतःच्या पायांपेक्षा जास्त ओळखीचे झाले होते. तरुणपणी डाव्या पायावर लोखंडी गज पडून अंगठ्याचं नख गेलं होतं ते परत आलं नव्हतं. त्या जागी नुसती गुळगुळीत, जांभळट कातडी होती. तेल लावताना तिचं बोट तिथं आलं की म्हातारा पाय आखडून घ्यायचा आणि हसायचा. गुदगुल्या व्हायच्या त्याला, या वयात.

"कौशे," ते म्हणायचे, "तू माझी सून नव्हेस, माझी पलटण आहेस. एकटीची पलटण."

"पलटणीला रजा असते, मामंजी," ती म्हणायची.

ती थकली होती, हे सांगायला हवं. माया होती, पुष्कळ होती, पण माया आणि थकवा एकाच अंगात सुखानं नांदतात. रात्री अंथरुणावर पडली की तिला गोरव्याच्या फ्लॅटमधला नळ आठवायचा. फिरवला की पाणी. तेवढ्यावर तिला झोप लागायची.

३

एकदा विश्राम वैतागून म्हणाला, "आजोबांचं काय झालं ते कळलं, तर याल का गोरव्याला?"

सुभानरावांनी बराच विचार केला. "कळू तर दे," म्हणाले.

विश्रामला रोजची ड्यूटी. म्हणजे शोध पडला कौशल्याच्या गळ्यात. बिचारी भर उन्हाळ्यात छत्री घेऊन हिंडली. माजी सैनिकांच्या कचेरीतला माणूस भला होता, पंखा तिच्याकडे वळवून म्हणाला, "बेन, ए तो जूना स्टेटनी वात. अमारामां न आवे." संस्थानच्या जुन्या फौजेची माहिती ठेवणारे प्रतापसिंहराव म्हणून एक गृहस्थ दांडिया बाजारात राहत. त्यांनी चहा दिला, आपल्या आजोबांची तलवार दाखवली आणि सांगितलं, "आमच्या फौजेतले शिपाई पगारी, वहिनी. हे खुशीचे लोक इंग्रजांकडे गेले. ते आमचे नव्हेत."

सरकारी माणसं म्हणत संस्थानचा, संस्थानवाले म्हणत सरकारचा. नेमलेल्या शिपायाला कुणीतरी धनी असतो. आपणहून गेलेल्याला कुणी नाही, हे कौशल्याला त्या उन्हाळ्यात चांगलंच कळलं. घरी आली की सुभानराव खाटेवरून नुसते बघायचे. ती मान हलवायची आणि स्वयंपाकाला लागायची.

त्याच दिवसांत ते पहिल्यांदा झालं.

सकाळी पायरीवरचा तांब्या उचलून पाणी तुळशीला घालायचं, हा तिचा शिरस्ता. त्या दिवशी पाणी ओतता ओतता तळाशी गाळ दिसला. बोटभर नाही, नखभरच, पण गाळ. पिवळट, पिठासारखा बारीक. पाय धुतल्यावर बादलीच्या बुडाशी बसतो तसला.

नळाला गढूळ पाणी आलं असेल, ती स्वतःशी म्हणाली. खणाखणीत पाइप फुटला असेल. शेजारी विचारलं तर त्यांचं पाणी स्वच्छ. मग तिनं पाणी गाळून भरलं. सकाळी झाकणी जागच्या जागी, झाकणीवर भाकरीचा तुकडा जागच्या जागी, आणि तळाशी गाळ. मग तिनं उकळून गार केलेलं पाणी भरलं. गाळ होताच.

एकदा तिनं तो बोटांवर घेऊन चोळला. बडोद्याची माती तिला माहीत होती, अंगणातली, शेतातली, नदीकाठची. ही त्यातली कुठलीच नव्हती. तिनं हात साबणानं धुतले आणि कुणाला काही सांगितलं नाही. विश्रामला सांगून तो काय म्हणणार हे ठाऊक होतं, आणि म्हाताऱ्याला सांगितलं तर तो गोरव्याला मुळीच आला नसता.

४

शेवटी नाव सापडलं ते पुण्यात. कौशल्या-विश्रामची लेक मिताली तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. परदेशातल्या एका स्मारकाच्या भिंतीचा फोटो तिला इंटरनेटवर मिळाला. दगडात कोरलेली नावं, आणि त्यांत नारायणराव, बापाच्या नावासकट, गाव बडोदा. खुशीची पलटण तिकडे पोचल्यावर मोडली होती. तिच्यातली माणसं दुसऱ्या पलटणींतल्या मेलेल्यांच्या जागी भरली होती. नारायणराव तिथं उतरल्यावर दोन महिन्यांत गेले होते.

मितालीनं फोटो मोठा करून पाठवला. सुभानरावांनी तो हातात धरला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. कौशल्यानं बोट ठेवून नाव दाखवलं.

"दोन महिन्यांत," ते म्हणाले. "म्हणजे मी जन्मलो तेव्हा नव्हताच."

"हो, मामंजी."

"आणि आई रोज तांब्या ठेवत होती."

कौशल्यानं फोटो त्यांच्या हातातून घेतला. तिच्या मनात त्या क्षणी वेगळंच आलं होतं. दोन महिन्यांत गेलेला माणूस आहे, मग तांब्यात पाय कोण धुतंय? तिनं तो विचार झटकला. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं काम समोर होतं.

पितृपंधरवडा जवळच आला होता. ज्याचा देह मिळाला नाही त्याचा दर्भाचा पुतळा करून दहन करतात, तो विधी चांदोदला नर्मदेवर करायचा ठरला. तो झाला की दिवाळीनंतर गोरवा. सुभानराव कबूल झाले.

५

पहाटेच जीपनं निघाले, त्यामुळे आदल्या संध्याकाळचा तांब्या पायरीवर तसाच राहिला.

चांदोदला गुरुजींनी दर्भाचा पुतळा बांधला. पळसाची पानं लावली, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. बघता बघता त्याला माणसाची ठेवण आली. सुभानरावांना दोन्हीकडून धरून उभं केलं. त्यांनी अग्नी दिला. पुतळा भुरकन पेटला आणि संपला. माणसाला लागतो त्याच्या मानानं काहीच वेळ नाही.

निघताना गुरुजी म्हणाले, "घरी गेल्यावर आपले पाय आपण धुवायचे. कडुलिंबाचं पान चावायचं आणि मुकाट आत जायचं. दारात कुणी कुणाला बोलवायचं नाही. एवढं पाळा."

डभोईला चहा घेतला. सुभानराव बशीतून फुर्रफुर्र प्यायले, मग वाटभर कौशल्याच्या खांद्यावर मान टाकून झोपले. बडोद्यात शिरेपर्यंत दिवे लागले होते. गल्लीचं तोंड खणलेलं, जीप आत जाईना. विश्राम ड्रायव्हरशी हिशेब करत मागं थांबला आणि कौशल्या सासऱ्यांना धरून घराशी आली.

तिनं कुलूप काढलं, उंबऱ्याबाहेरूनच हात घालून आतला दिवा लावला. पायरीवर तांब्या होता, कालचा. तुकडाही कालचाच, वाळून वाकडा झालेला. ती बाहेरच्या नळाकडे वळणार, तोच सुभानरावांनी तिचा खांदा धरला.

"कौशे, थांब."

"पाय धुवायचेत, मामंजी."

"तू घाल पाणी."

"गुरुजींनी सांगितलंय ना, आपलं आपण."

"माझी आई सांगायची, तो आला की मी असं पाणी घालीन, असा तुकडा ओवाळीन. जन्मभर सांगायची. तिला मिळालं नाही. माझ्या बापाला मिळालं नाही." म्हातारा धापा टाकत होता. "त्यांच्या वतीनं मी उभा राहतो. एकदा कर. मग मी कुठंही येतो. गोरव्याला ने, नाहीतर मसणात ने."

हे करू नये, हे कौशल्याला माहीत होतं. पण पहाटेपासून ती उभी होती, कंबर मोडली होती, आणि दमलेल्या माणसाला नाही म्हणण्यापेक्षा हो म्हणणं सोपं जातं. तिनं तांब्या उचलला. सुभानराव उंबऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, तोल जाऊ नये म्हणून एक हात तिच्या खांद्यावर. तिनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं. शेवटी तळाचा पिवळा गाळही पायांवर पडला. तिनं तुकडा ओवाळून गल्लीत टाकला.

"म्हण," सुभानराव म्हणाले.

"या," कौशल्या म्हणाली.

ते तिला ओलांडून आत गेले. कुणाचाही आधार न घेता. आतल्या दिव्याच्या उजेडात तिला त्यांची पाठ दिसली, खाटेकडे चालत जाणारी. ते खाटेवर टेकलेसुद्धा.

तिच्या खांद्यावर हाताचं वजन अजून होतं.

तिनं वळून पाहिलं नाही. पाठीमागून विश्रामची चप्पल वाजली, "काय गं, दारात का उभी?" त्यानं विचारलं, आणि खांदा हलका झाला.

६

दुसऱ्या दिवसापासून सुभानराव सुधारले.

आपले आपण उठले. आपले आपण न्हाणीत गेले. दोन भाकऱ्या खाल्ल्या. गोरव्याचं विचारलं, तर "जाऊ" म्हणाले. डॉक्टर म्हणाले मनावरचं ओझं उतरलं. शेजारणी म्हणाल्या बापाला गती मिळाली, आशीर्वाद लागला. विश्राम तर इतका खूश की त्यानं बापासाठी नवे लोकरी पायमोजे आणले, म्हाताऱ्यानं मागितले म्हणून. ते त्यांनी चढवले ते काढलेच नाहीत.

तांब्या आता बंद केला होता. ज्याच्यासाठी ठेवायचा त्याचं दहन झालं, आता कुणासाठी ठेवायचा?

कौशल्याला किती वर्षांनी दुपारची झोप मिळाली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटलं. भांडं नाही, उचलणं नाही, रात्रीच्या हाका नाहीत. पण डोळा लागताना काहीतरी टोचायचं. म्हातारा तिला ‘कौशे’ म्हणत नव्हता. ‘बाई’ म्हणायचा. चहा कपातून प्यायचा, बशी तशीच कोरडी. टीव्हीपुढे बसायचा, पण पाठ कशी ताठ, हात मांडीवर उपडे. कुणीतरी बोलावील याची वाट बघत बसावं तसा.

एकदा ती तेलाची वाटी घेऊन गेली. "आणा पाय."

सुभानरावांनी पाय खाटेखाली ओढले. "नको बाई. दुखत नाहीत."

"दुखत नसले तरी लावते. सवय आहे."

"तुला सवय आहे," ते म्हणाले, आणि तिच्याकडे बघत राहिले. रागानं नाही. नवीन बिऱ्हाडातला माणूस शेजाऱ्याकडे बघतो तसे. ती वाटी घेऊन परत आली.

त्यांच्या मागून न्हाणीत गेली तर मोरीच्या जाळीवर पिवळट गाळ. तिनं पाणी ओतलं. गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

रात्री तिनं विश्रामला सांगायचा प्रयत्न केला. "मामंजी वेगळेच वाटतात हो."

"बरे झालेत म्हणून?"

"तसं नाही."

"मग कसं?" तो उठून बसला. "कौशल्या, बाप चालायला लागला माझा. तुला बघवत नाही का?"

ती कुशीवर वळली. म्हाताऱ्याची कळा असते, दिवा विझायच्या आधी मोठा होतो, तसलं काही असेल, असं तिनं मनाला समजावलं. मन समजलं, कारण त्यालाही झोप हवी होती.

७

दिवाळी झाली. सामान बांधून झालं. सकाळी टेम्पो येणार, तर आदल्या संध्याकाळी कौशल्या उघड्याबोडक्या घरात भिंतीला टेकून बसली होती. विश्राम दोऱ्या आणायला गेला होता. सुभानराव खुर्चीत, पायांत मोजे. दिवेलागण झाली होती. मोठं दार उघडं होतं, जाळीचं दार लावलेलं होतं.

बाहेर कुणीतरी खोकलं.

"कौशे."

चांदोदहून आल्यापासून तिला त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती.

"कौशे, पाणी घाल गं पायांवर. कधीचा उभा आहे."

आवाज दमलेला होता. जाळी गंजलेली, त्यातून नुसता अंधार दिसत होता. पण जाळीच्या दाराखाली वीतभर फट होती आणि घरातला उजेड त्या फटीतून पायरीवर पडत होता. तिथं दोन पाय होते. म्हातारे, सुजलेले, पोटरीपर्यंत पिवळ्या मातीनं माखलेले. डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नव्हतं.

कौशल्यानं खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीतले सुभानराव दाराकडे बघतही नव्हते.

"उघडू नको," ते शांतपणे म्हणाले. "दिवेलागणीला उंबऱ्यातून कुणाला ‘या’ म्हणू नये. तुला सासूनं सांगितलंय ना?"

दिवेलागणीचा तो नियम मात्र फक्त बायकांतला होता. तिनं तो सुभानरावांना कधी सांगितला नव्हता.

"कौशे," बाहेरून आवाज आला, "पाय फार दुखतात गं. तेल राहू दे. नुसतं पाणी घाल."

ती उठली. तांब्या बांधलेल्या पोत्यात होता, सुंभाची गाठ घट्ट होती. तिनं गाठीला नखं लावली. आणि तिथं, गाठ सोडवता सोडवता, तिचे हात थांबले. ती असं का वागली हे पुढं तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं, आणि दर वेळी उत्तर एकच आलं. तिला भांडं आठवलं. रात्रीच्या हाका आठवल्या. उचलणं आठवलं, न्हाऊ घालणं आठवलं, गोरव्याचा नळ आठवला. क्षणभरच. तेवढा वेळ ती पोत्यापाशी नुसती बसून राहिली.

मग तिनं गाठ दातांनी सोडवली. तांब्या काढला, माठातलं पाणी भरलं आणि दाराशी धावली. गल्लीत विश्रामची स्कूटर फटफटत आली. दिव्याचा झोत जाळीवर पडला. पायरी रिकामी होती.

विश्राम आत आला, दोऱ्या टाकल्या, तिच्या हातातला तांब्या बघितला. "हे काय परत?"

"तहान लागली होती," ती म्हणाली.

पायरीवर दोन पावलांच्या जागी पिवळी माती उठली होती. ती सुकलेली होती. पाण्याचा थेंब तिला लागला नव्हता.

८

गोरव्याला येऊन आता वर्ष होत आलं. नळ फिरवला की पाणी येतं. लिफ्ट बहुतेक वेळा चालते. बाबाजीपुऱ्यातलं घर बिल्डरनं पहिल्याच आठवड्यात पाडलं. कौशल्या एकदा बस बदलून जाऊन आली. पायरी कुठं होती तेसुद्धा सांगता येईना, तिथं मोठा खड्डा होता आणि खड्ड्यात मजूर होते.

सुभानराव ठणठणीत आहेत. डॉक्टर सगळ्यांना त्यांचं उदाहरण देतात. ते बाल्कनीत खुर्ची टाकून ताठ बसतात, पायांत मोजे, आणि कुणी आलं गेलं तर मान हलवतात. विश्राम बापाशेजारी बसून पेपर वाचतो. किती सुखाचं चित्र आहे ते. कौशल्या त्यांना जेवायला वाढते. ते "बस, बाई" म्हणतात. भांडण नाही, तक्रार नाही. रात्री कुणी हाक मारत नाही, आणि तिला झोप लागत नाही.

दिवे लागले की ती तांब्या भरून फ्लॅटच्या दाराबाहेर ठेवते, चपलांच्या रॅकशेजारी. वर झाकणी, झाकणीवर भाकरीचा तुकडा. मग जिन्याकडे तोंड करून हळूच "या" म्हणते. आता ती तो शब्द राखून ठेवत नाही, रोज खर्च करते. समोरच्या भाविकाबेनला सुरुवातीला वाटायचं आपल्यालाच बोलावतेय. "काले आवीश, हों," ती म्हणायची, म्हणजे उद्या येईन.

"बाई, दार लाव," आतून सुभानराव सांगतात. ती थोडा वेळ थांबते आणि दार लावते.

सकाळी ती तांब्या उचलते, खिडकीपाशी उजेडात नेते आणि आत बघते. तळ लख्ख दिसतो. पाणी जसंच्या तसं, निवळशंख. ती तांब्या हलवून बघते, तिरपा करून बघते, बोट फिरवून बघते. काही नाही. मग कुंडीतल्या तुळशीला ओतते आणि चहा ठेवायला जाते.

दुखऱ्या पायांचा म्हातारा आहे. आयुष्यात बाबाजीपुऱ्याबाहेर राहिला नाही. त्याला गोरव्याचा पत्ता कोण सांगणार?